सौजन्याचे यार्ड

बेंच एकशे पंचेचाळीस यार्डावर बसवायचा होता. गवंड्यानं टेप धरला तेव्हा ती जागा एकशे बारा भरली.

"परत धर," मी म्हटलं.

त्यानं परत धरला. एकशे बाराच.

जागा चुकायचं काही कारण नव्हतं. माझी बायको विजयमाला गेल्यावर क्लबानं विचारलं होतं, वहिनींच्या नावानं काहीतरी करूया का. मी म्हटलं, सातव्या टीच्या पुढं एक दगडी बेंच घाला, तिचा बॉल जिथं थांबायचा तिथं. ती जागा मला डोळे मिटूनही दाखवता आली असती. डाव्या हाताला आपट्याचं झाड, त्याच्या सावलीत जरा खोलगट जमीन. शेवटच्या हंगामात तिचा बॉल तिथंच असायचा. आणि टीजवळचा अंतर मोजणारा खांब दर वेळी एकशे पंचेचाळीसच्या आसपास दाखवायचा. हे दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. दोन्ही खरं कसं असेल, ते मला त्या दिवशी कळेना.

बेंच मी झाडाखालीच घालायला लावला.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी सर्जेराव, माझी शिरोलीला फौंड्री आहे. कोल्हापूरपासून गाडीनं थोडं बाहेर आमचा भैरवमाळचा क्लब आहे. अठरा ठिकाणांहून बॉल मारत मारत अठरा खड्ड्यांत घालायचा, एवढाच हा खेळ. पहिला फटका जिथून मारतात ती टी, आणि तो पहिला लांब फटका म्हणजे ड्राइव्ह. माणसाचा सगळा मान त्या ड्राइव्हवर. खड्ड्यात बॉल कितीव्या फटक्यात गेला हे कोणी सांगत नाही, ड्राइव्ह किती गेला हे जावयालासुद्धा सांगतात.

माझा मेहुणा उदयसिंह सगळ्यांच्या वरचढ. विजयमालाचा धाकटा, सख्खा भाऊ. "अडीचशे यार्ड, दाजी. कमी नाही," असं तो मला वीस वर्षं ऐकवत आला.

तीन वर्षांपूर्वी क्लबात खांब आले. प्रत्येक टीजवळ एक, त्यावर पडदा. प्रत्येक सभासदाच्या बॉलमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्यात त्याचं नाव. खांबातून लहरी निघतात, बॉलवर आपटून परत येतात, आणि बॉल टीपासून थेट किती लांब थांबला ते अंगठ्याएवढ्या फरकानं कळतं. पहिला महिनाभर खांबानं खरं सांगितलं. त्या महिन्यात क्लबात जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकीतही होत नाहीत.

पुरुषांची सरासरी दोनशेच्याही खाली आली. उदयचे दोनशे पाच. मी स्वतःला दोनशे वीसवाला समजायचो, मी निघालो एकशे ऐंशीचा. कोणी खोटं बोलत नव्हतं, हे मला नंतर समजलं. माणूस आपला एक ड्राइव्ह लक्षात ठेवतो. जानेवारीची कडक जमीन, उतार, पाठीमागून वारा, त्या दिवशीचा. बाकीचे शंभर तो विसरतो. डोक्यात सरासरी निघत नाही, तिथं फक्त तो एक बॉल उडत असतो.

सर्वसाधारण सभेत उदय उभा राहिला. "लग्नात जेवून आल्यावर जेवण कसं होतं विचारलं तर कोण खरं सांगतं? चांगलं होतं म्हणतो की नाही? मग या खांबाला तेवढी रीत शिकवा की!" सगळे हसले. कंपनीच्या माणसानं सांगितलं, तशी सोय आहे, तिला सौजन्य म्हणतात. ठराव उदयनं मांडला. पास झाला. सगळ्यांना वाटलं, खांब दहा टक्के वाढवून सांगेल.

त्यानंतर आमच्या क्लबात एक गंमत सुरू झाली. खांबानं सांगितलेल्या हिशेबानं पुढचा फटका मारला की बॉल खड्ड्याच्या अलीकडंच पडायचा. मग काठ्या वाहणारे कॅडी म्हणायचे, "साहेब, वारा समोरनं हाय, मोठी काठी घ्या." दोन वर्षं आमच्याकडं वारा समोरूनच वाहत होता.

विजयमाला पडद्याकडं बघायची नाही. "खांब काय म्हणतो ते तुम्ही बघा, मी बॉलकडं जाते," म्हणायची आणि टोपी सारखी करून चालू लागायची. शेवटच्या हंगामात एकदा हसत म्हणाली होती, "हल्ली बॉल लवकर सापडतोय बघा." ती, मी आणि उदय, आम्ही तिघंही हसलो होतो. मार्चमध्ये ती स्वयंपाकघरात दूध ओतताना खाली बसली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

टेपच्या दुसऱ्या दिवशी मी खांबांच्या ऑफिसात गेलो. तिथं रेश्मा मुल्लाणी असते. कंपनीची इंजिनिअर, इचलकरंजीची पोरगी. मी तिला विचारलं, "तुझा खांब बिघडलाय का?"

तिनं उठून दार लोटून घेतलं.

"काका, काकूंचं खातं अजून चालू आहे. तुम्ही वारस आहात. तुम्ही अंगठा दिला तर त्यांचे खरे आकडे मला तुम्हाला दाखवता येतील. पण बघायचेत का ते विचार करा."

मी अंगठा दिला.

पडद्यावर दोन रेषा आल्या. वरची सरळ, एकशे पंचेचाळीसवर. खालची उतरत गेलेली.

"वरची तुम्हाला दिसायची ती," ती म्हणाली. "सौजन्य म्हणजे दहा टक्के नाही, काका. सभासद नाराज न होता परत खेळायला येईल असा आकडा शोधायचं त्याला शिकवलंय. ड्राइव्ह कमी झाला की ते जास्त भर घालतं. माणूस खाली जातो, आकडा जागेवर राहतो."

"आणि हे?" खालच्या रेषेतही दोन रंग होते.

"हे पहिल्या टीवरचे ड्राइव्ह. हे सातव्या टीवरचे."

मग तिनं मला समजावलं, फौंड्रीतल्या माणसालाही कळेल असं. ड्राइव्ह म्हणजे सगळ्या अंगाची ताकद एका क्षणात बाहेर काढायची. पहिल्या टीवर माणूस ताजा असतो. सातव्या टीला मात्र पायऱ्यांचा मोठा चढ आहे, गाडी तिथं जात नाही. निरोगी माणूस वर गेला, मिनिटभर थांबला की पहिल्यासारखाच मारतो. हृदयाचा स्नायू कमजोर होत असेल तर चढानंतर अंगाला पुरेसं रक्त मिळत नाही. माणसाला कळत नाही, तो म्हणतो ऊन लागलं. पण बॉलला कळतं. पहिल्या आणि सातव्या टीवरच्या ड्राइव्हमधला फरक महिन्यामहिन्यानं वाढत जातो, आणि त्रास जाणवायच्या कितीतरी आधी वाढतो. कंपनीच्या लोकांना हे हजारो खेळाडूंच्या आकड्यांवरून सापडलं होतं. सरकारची मंजुरी यायची होती. तोपर्यंत कोणाला सांगायला बंदी.

"तिचं कधीपासून?"

"दीड वर्ष." रेश्माचे डोळे भरले. "मी दोन महिन्यांपूर्वी इथं आले, काका. मी नव्हते तेव्हा."

मी हातातल्या टोपीची शिवण बघत बसलो. दीड वर्ष मी तिच्या शेजारी उभा होतो आणि पडद्याकडं बघून "वा!" म्हणत होतो.

आमच्या डॉक्टरांना मी ते सगळं दाखवलं. त्यांनी नीट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनींना सख्खी भावंडं आहेत?"

"एक भाऊ."

"असलं दुखणं घराण्यात उतरतं, सर्जेराव. त्यांना ताबडतोब इको करायला सांगा. वेळेत कळलं तर औषध आहे, यंत्र बसवता येतं. माणूस जगतो."

मी रेश्माकडं परत गेलो. "उदयसिंहांचं काय?"

"दुसऱ्या सभासदाचं मी सांगू शकत नाही. माझी नोकरी जाईल, आणि नोकरी गेली तरी कायद्यानं सांगता येणार नाही." ती खाली बघत म्हणाली, "पण बॉल कुठं पडतो ते कोणीही बघू शकतं ना, काका."

तेवढ्यावरून मला कळलं, उदयचेही आकडे उतरलेत.

येत्या रविवारी क्लबाची लाँगेस्ट ड्राइव्हची स्पर्धा होती. सातव्या टीवरच. सगळ्यांनी पायी चढून जायचं, ही जुनी प्रथा, आणि वर सहा बॉल लागोपाठ जीव लावून मारायचे. उदय चार वेळा जिंकला होता. अलीकडं जिना चढून आला की तो बोलायच्या आधी खुर्ची धरायचा.

मी त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर लांब फटक्याची काठी, ड्रायव्हर, पुसत बसला होता.

"उदय, एक इको करून घे. डॉक्टर म्हणतात आक्काचं दुखणं घराण्यातलं असू शकतं."

"कसलं दुखणं? अटॅक आला तिला."

"तिचं हार्ट आधीपासून कमजोर होतं."

"दाजी, काय बोलताय?" तो हसला. "आक्का शेवटच्या आठवड्यापर्यंत एकशे पंचेचाळीस मारत होती. कमजोर हार्टवाली बाई मारते का एकशे पंचेचाळीस? मी होतो की तिथं. आणि मी काल दोनशे बावीस मारलाय. सातव्यावर! माझ्या हार्टची काळजी तुम्ही करू नका. गॅस होतोय जरा, एवढंच."

"दम लागतो तुला."

"वजन वाढलंय. रविवार होऊ दे, मग तुम्ही म्हणाल ती टेस्ट करतो. पाच-सहा दिवसांत काय होतंय?"

त्याच्या हातातला पुरावा तोच खोटा आकडा होता. तो काढून घ्यायचा तर एकच मार्ग होता. पण तो आकडा खोटा आहे हे त्याला कळलं, की आक्काचाही खोटा होता हे कळणार. आणि ठराव कोणी मांडला होता हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्या दोघांची आई लवकर गेली होती. विजयमालानंच त्याला वाढवलं होतं. तिच्या तेराव्याला हा साठीला आलेला माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला होता.

दोन दिवस मी काही केलं नाही. फौंड्रीत भट्टीजवळ उभा राहिलो. एकदा मनात आलं, जाऊ दे. चढू दे रविवारी. याच्याच जिभेमुळं माझं घर रिकामं झालं. हे मनात आलं आणि मी तिथून बाहेर निघून नळाखाली तोंड धुतलं. माझ्या माणसांना वाटलं धग लागली.

मग मी रेश्माला फोन केला. "माझ्या बायकोच्या खात्यावरचं सौजन्य काढता येतं का?"

"तुम्ही वारस आहात. येतं."

"आणि तिच्या बॉलला दुसऱ्या कोणी मारलं तर?"

"खांबाला फक्त बॉलमधलं नाव दिसतं, काका. हात कोणाचा ते दिसत नाही."

"मग शुक्रवारी सकाळी पायऱ्यांच्या खाली गाडी घेऊन उभी राहा. छातीला शॉक द्यायचं ते यंत्र बरोबर ठेव."

शुक्रवारी मी उदयला सरावाला बोलावलं. दोघंच. पहिल्या टीवर त्यानं आपला बॉल मारला. खांबावर आलं, उदयसिंह, दोनशे चोवीस.

"बघा!" तो म्हणाला.

मी पिशवीतून तिचा बॉल काढला. गुलाबी पट्टीचा. ती सगळ्या बॉलवर नेलपॉलिशनं पट्टी ओढायची. "हा मार. आक्काच्या नावानं."

त्यानं बॉल हातात घेतला, पट्टीवरून अंगठा फिरवला. मारला. अगदी सरळ गेला. खांबावर आलं, विजयमाला, एकशे अठ्ठ्याऐंशी.

"आक्काला खांब कमी देतोय काय?" तो हसला. "बायकांना सौजन्य नाही वाटतं."

"बघू पुढं," मी म्हटलं.

मधले खड्डे आम्ही गाडीतूनच केले. सातव्याच्या पायऱ्यांशी रेश्मा उभी होती. उदयनं तिला हात केला. मी त्याच्या मागून चढत होतो, त्याच्या पाठीकडं बघत. अर्ध्यावर तो बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती. मी पण थांबलो. त्याची मान ओली झाली होती. मला वाटलं, हात धरून खाली न्यावं, खेळ पुरे. पण खाली नेला असता तर रविवारी तो परत आला असता, आणि तेव्हा सगळा क्लब टाळ्या वाजवत असता.

"सावकाश," मी म्हटलं.

"तुम्हाला दम लागला वाटतं, दाजी!"

वर पोचून त्यानं खांबाला हात टेकला. बराच वेळ टेकवून ठेवला. मग आपला बॉल मारला. उदयसिंह, दोनशे एकवीस.

मी तिचा दुसरा बॉल त्याच्यासमोर ठेवला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मारला.

विजयमाला, एकशे चोपन्न.

तो पडद्याकडं बघत राहिला. "खांब बिघडला."

"चल, बॉल बघू."

"दाजी, बिघडलाय हा."

"चल."

आम्ही उतरत गेलो. बेंच गेला, आपट्याचं झाड गेलं, आणि थोड्याच अंतरावर दोन्ही बॉल दिसले. त्याचा पांढरा आणि तिचा गुलाबी पट्टीचा. दोघांमध्ये एक माणूस आडवा झोपला असता एवढीच जागा होती.

उदयनं पांढऱ्या बॉलकडं बघितलं. मग गुलाबीकडं. मग मागं वळून टीकडं. मी त्याला घाई केली नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हा दोनशे एकवीस," तो म्हणाला. "आणि हा एकशे चोपन्न."

"तुझा बॉल सौजन्यावर आहे. तिचं सौजन्य मी काढून टाकलंय. दोन्ही तूच मारलेस. पहिल्या टीवर एकशे अठ्ठ्याऐंशी, चढ चढल्यावर एकशे चोपन्न. चौतीस यार्ड चढात गेले, उदय. ते वजनानं जात नाहीत. हार्टनं जातात."

"दहा टक्केच वाढवणार होते ते."

"माणूस जेवढा खाली जातो तेवढं वाढवतात."

तो मागं गेला आणि बेंचवर बसला. हात मांडीवर ठेवले. मला वाटलं आता तो स्वतःबद्दल विचारेल. त्यानं बेंचाच्या दगडावर हात फिरवला.

"हा बेंच किती यार्डावर आहे?"

मी आपट्याच्या झाडाकडं बघितलं.

"दाजी. आक्काचा बॉल हितं पडायचा म्हणून तुम्ही हितं घातला. माझ्यादेखत सांगितलंत. किती यार्डावर आहे?"

"एकशे बारा. टेपनं मोजलाय."

त्यानं डोळे मिटले. आपट्याची पानं हलत होती, वारा पाठीमागून होता.

"कधीपासनं?"

"दीड वर्ष."

"ठराव माझा होता," तो म्हणाला.

त्या वेळी मला काय बोलायचं ते तयार होतं. तुझा काही दोष नाही, सगळ्यांनी हात वर केले, तुला काय माहीत. हे सगळं मी म्हणू शकलो असतो. तेही सौजन्यच झालं असतं, आणि त्याला ते ओळखू आलं असतं.

"होय," मी म्हटलं. "तुझा होता. आणि शेजारी मी उभा होतो. आता उठू नकोस. गाडी इथंपर्यंत खालच्या बाजूनं येते."

मी रेश्माला हाक मारली. उदयचा हात माझ्या हातात होता, गार आणि ओला. गाडी येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला. "तिला माहीत होतं का?"

"ती दर वेळी बॉलपर्यंत चालत जायची," मी म्हटलं. "पडद्याकडं बघायची नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्यालाही तेच आठवलं असावं. हल्ली बॉल लवकर सापडतोय बघा.

त्याच दिवशी इको झाला. त्याच्या हृदयाचा जोर निम्म्याच्याही खाली होता. डॉक्टर म्हणाले, सहा बॉल लागोपाठ मारायला लावले असते तर आम्हाला काही करायला मिळालं नसतं. सोमवारी त्याच्या छातीत यंत्र बसवलं. रविवारची स्पर्धा त्याच्याविना झाली. कोणीतरी दोनशे एकेचाळीसवर जिंकलं. खरे किती ते कोणी विचारलं नाही.

सौजन्य ठेवायचं की काढायचं, याचा क्लबाचा निर्णय अजून झालेला नाही. रेश्मानं मला परवानगीचा अर्ज दाखवला, प्रत्येक सभासदाला आपल्यापुरतं सौजन्य बंद करता येतं. आत्तापर्यंत सात जणांनी केलंय, पहिला मी. सातपैकी एकाला खरे आकडे बघून डॉक्टरांनी बोलावून घेतलं.

विजयमालाचं खातं मी बंद केलं नाही.

पावसाळा संपल्यावर उदय पहिल्यांदा क्लबात आला. खेळायला मनाई आहे, पण खालच्या वाटेनं गाडीतून बेंचपर्यंत यायला परवानगी आहे. तो आक्काच्या बेंचवर बसला आणि मी एकटा पायऱ्या चढलो. मिनिटभर थांबलो. मारला. बॉल उजवीकडं वळून गवतात गेला.

"किती?" तो खालून ओरडला.

मी खांबाकडं बघितलं. "एकशे एकाहत्तर!"

"वारा समोरनं होता का, दाजी?"

मी बोट ओलं करून वर धरलं.

"नव्हता," मी ओरडलो.